किंकाळी ऐकून कुणी का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अटलांटाजवळ राहणाऱ्या चार मराठी मित्रांनी ४० हजार डॉलर जमवले आहेत. येत्या जूनमध्ये १२ दिवसांत, जॉर्जियातल्या एका लहान गावात त्यांना स्लॅशर चित्रपट करायचा आहे. शहरातली पाच मुलं गावात येतात आणि मुखवटा घातलेला माणूस त्यांना एकेक करून मारतो, अशी गोष्ट आहे. त्यांनी विचारलंय की रक्त, मुखवटा आणि मेकअपवर बजेटचा किती हिस्सा ठेवावा, कॅमेरा कुठला घ्यावा आणि गावातली माणसं भीतीदायक कशी दाखवावीत.

मी गेली १८ वर्षं जॉर्जिया, टेनेसी आणि अलाबामात लोकेशन साउंडचं, म्हणजे चित्रीकरणाच्या जागीच आवाज टिपण्याचं काम करते. कमी पैशांत, लहान गावात, रात्री-अपरात्री चित्रित झालेले ११ भयपट मी हेडफोन लावून ऐकले आहेत. त्यामुळे माझं उत्तर आवाजाच्या बाजूने येईल, हे आधी सांगते. कॅमेऱ्याबद्दल एकच सांगते: तुमच्या छायाचित्रकाराचा हात ज्यावर बसलाय तो घ्या. आज भाड्याने मिळणारा कुठलाही बरा कॅमेरा या कामाला पुरतो.

रक्ताच्या टक्केवारीवर यायच्या आधी एक वेगळा प्रश्न सोडवायला हवा. तुम्ही गोष्टीचा गोषवारा दिलाय, त्यात एक वाक्य आहे: 'ती मदतीसाठी ओरडते, पण कुणीही येत नाही.' का येत नाही? या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की कथा, लोकेशन, नटांची संख्या आणि पैसे, सगळं त्यामागून ठरत जातं. ते नसेल तर कितीही रक्त ओतलं तरी प्रेक्षक पाचव्या मिनिटाला कथेतून बाहेर पडतो.

हे मला कळलं ती रात्र सांगते. टेनेसीतल्या एका काउंटी रोडवर तंबाखू वाळवायच्या जुन्या कोठारात शूटिंग होतं. नायिका कोठारातून बाहेर धावते, रस्त्यावर येते आणि 'हेल्प मी' म्हणून ओरडते, एवढाच शॉट. शेरीफच्या ऑफिसला कळवलं होतं, कोठाराच्या मालकाची परवानगी होती, रस्त्यावरच्या दोन्ही घरांना सांगितलं होतं. झाडीपलीकडे, उताराच्या खाली आणखी एक घर आहे, हे मात्र आमच्यापैकी कुणीही जाऊन पाहिलं नव्हतं. तिसऱ्या टेकनंतर माझ्या हेडफोनमध्ये डिझेल इंजिनाची घरघर आली. मी हात वर करेपर्यंत पिकअपचे दिवे वळणावर दिसले. सत्तरीपुढचा एक माणूस उतरला. रात्रीचे कपडे, पायात बूट, हातात रायफल, नळी जमिनीकडे. त्याने एकच विचारलं: "ती कुठे आहे?"

आमची नटी रक्ताने माखलेली होती आणि तिच्यामागे २० पावलांवर मुखवटा घातलेला, कुऱ्हाड धरलेला आमचा नट उभा होता. त्याने कुऱ्हाड टाकली, मुखवटा काढला आणि दोन्ही हात वर केले. नटी स्वतः पुढे गेली आणि त्या आजोबांशी शांतपणे बोलली, म्हणून त्या रात्री काही विपरीत घडलं नाही. नंतर ते पिकअपच्या मागच्या फळीवर बसले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. चूक पूर्णपणे आमची होती. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. पटकथेत लिहिलं होतं, कुणीही येत नाही. खऱ्या गावात मात्र, आम्ही पुढच्या टेकची तयारी करेपर्यंत एक म्हातारा माणूस अंथरुणातून उठून, परक्या मुलीसाठी बंदूक घेऊन आला होता.

लहान गाव म्हणजे हेच. कोकणात माझ्या आजोळी रात्री आंब्याच्या बागेत अनोळखी बॅटरी चमकली तर चार घरांतून हाका सुटतात. जॉर्जियातल्या दोन हजार वस्तीच्या गावात तेच होतं, फक्त हाकेच्या जागी पिकअप येतो. परक्या नंबरप्लेटची गाडी तीन दिवस एका जागी दिसली तर सगळ्या गावाला माहीत होतं. तेव्हा तुमच्या गोष्टीत कुणी येत नसेल, तर त्याला कारण हवं. या प्रकारातल्या ज्या चित्रपटांकडे आपण परत परत जातो, त्यांनी ते कारण पक्कं केलेलं आहे.

'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' घ्या. टोबी हूपरने तो १९७३ च्या उन्हाळ्यात ऑस्टिनच्या आसपास, १६ एमएमवर चित्रित केला आणि १९७४ मध्ये तो प्रदर्शित झाला. तिथलं पहिलं उत्तर साधं आहे: खुनी कुटुंबाचं घर लांब आहे आणि तिथे आलेल्या मुलांना पेट्रोल मिळालेलं नाही. पण हूपर तिथे थांबत नाही. जीव मुठीत धरून नायिका सॅली पेट्रोल पंपावर पोचते, तिथला माणूस तिला धीर देतो, आणि तोच त्या कुटुंबातला निघतो. म्हणजे मदत मिळते, आणि ती मदतच सापळा असते. शेवटी तिला वाचवणारे कोण, तर हमरस्त्यावरून जाणारे वाटसरू, एक ट्रक आणि एक पिकअप. 'कोण येतं आणि कोण येत नाही' याचा एवढा काटेकोर हिशेब त्या चित्रपटात आहे.

दुसरं उत्तर त्याच्याही दहा वर्षं आधीचं आहे. १९६४ च्या 'टू थाउजंड मेनिअॅक्स' मध्ये हर्शल गॉर्डन लुईसने अख्खं गावच सामील करून टाकलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या शताब्दीचा उत्सव, उत्तरेकडून आलेले पाहुणे, आणि त्यांना मारण्यात आनंद मानणारं दक्षिणेतलं गाव. चित्रण फ्लोरिडातल्या सेंट क्लाउड गावात झालं आणि तिथले रहिवासीच पडद्यावर गर्दी म्हणून आले. किंकाळी सगळे ऐकतात आणि टाळ्या वाजवतात. अभिनय आज कच्चा वाटतो, तरी त्या टाळ्यांनी मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जवळचं आहे. टेक्सास आणि आर्कान्सा यांच्या सीमेवर टेक्सारकाना नावाचं जोडगाव आहे. १९४६ मध्ये फेब्रुवारी ते मे या काळात तिथे रात्री हल्ले झाले, त्यात पाच माणसं मेली आणि तीन जखमी झाली. गावाने बंदुका आणि कुलुपं विकत घेतली, टेक्सास रेंजर्स आले, तरी कुणावरही खुनाचा गुन्हा सिद्ध झाला नाही. त्याच भागात जाहिरातीचा धंदा केलेल्या चार्ल्स बी. पिअर्सने त्यावर १९७६ मध्ये 'द टाउन दॅट ड्रेडेड सनडाउन' केला, आणि तोही टेक्सारकानातच. इथे सगळे मदतीला येतात. पोलीस येतात, शेजारी येतात, गाव रात्रभर जागं राहतं. तरी तो माणूस सापडत नाही. येणाऱ्यांचाच काही उपयोग होत नाही, ही भीती मला पहिल्या दोन्हींपेक्षा खोल वाटते. आणि गावाने तो चित्रपट नाकारला नाही. ऑक्टोबरच्या सुमारास तिथल्या स्प्रिंग लेक पार्कमध्ये तो उघड्यावर दाखवायची प्रथाच पडली.

आता तुमचे ४० हजार. दूरच्या घराचं उत्तर घेतलं तर एकच घर आणि सात-आठ नट लागतात, आणि बहुतेक पैसे पडद्यावर दिसतात. सामील गाव हवं असेल तर गर्दी लागते. गर्दीला जेवण, पाणी, सह्या घेतलेले रिलीज फॉर्म (पडद्यावर दाखवायला संमती देणारे कागद) आणि सांभाळायला माणसं लागतात. ते १२ दिवसांत जमेल की नाही, हे तुमचं गावाशी किती जमतं त्यावर आहे. हतबल गावाला पोलिसांच्या गाड्या, गणवेश आणि बऱ्याच भूमिका लागतात, त्यामुळे या पैशांत ते मी सुचवणार नाही. माझा कौल पहिल्याला, त्यात हूपरसारखा एक पीळ देऊन: मदतीला येणारा एकच माणूस ठेवा आणि त्याच्यावर पटकथेची सगळी मेहनत घ्या. तो चांगला असेल तर त्याचं मरण प्रेक्षकाच्या जिव्हारी लागेल, वाईट असेल तर प्रेक्षकाचा पुढच्या प्रत्येक चेहऱ्यावरचा विश्वास उडेल.

गावातली माणसं भीतीदायक कशी दाखवावीत, या प्रश्नावर मी जरा कळकळीने बोलणार आहे. दात पडलेला, ओव्हरऑल घातलेला, बँजो वाजवणारा, बहिणीशी लग्न केलेला दक्षिणी माणूस हे चित्र इथल्या लोकांनी ५० वर्षं सोसलं आहे. १९७२ चा 'डिलिव्हरन्स' उत्तर जॉर्जियातल्या रेबन काउंटीत चित्रित झाला. त्यातल्या चित्राचा राग तिथल्या कित्येक लोकांच्या मनात पुढे कित्येक वर्षं होता. तुम्ही ज्या कॅफेत जेवणार, ज्या चर्चच्या हॉलमध्ये मेकअप करणार, त्याच माणसांना तुम्ही असं दाखवलं तर ते त्यांना कळल्याशिवाय राहत नाही. नीतीचा मुद्दा आहेच. शिवाय हे चित्र आता इतकं झिजलंय की त्याने कुणी घाबरत नाही. याच्या उलट पिअर्सचंच उदाहरण आहे. १९७२ च्या 'द लेजंड ऑफ बॉगी क्रीक' मध्ये त्याने आर्कान्सातल्या फाउक गावच्या लोकांना त्यांच्याच भूमिकांत उभं केलं. त्यांचं अडखळत, साधं बोलणं हाच त्या चित्रपटाचा धाक आहे. नम्रतेने वागणारा, 'यस मॅम' म्हणणारा, तुम्हाला आइस टी आणून देणारा माणूस ग्लास ठेवताना एक क्षण जास्त थांबला, तर मला कुठल्याही मुखवट्यापेक्षा जास्त भीती वाटते.

तुमच्या गोष्टीतली पाच मुलं कोण आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यातलं एखादं आपल्याकडचं असेल, तर रात्री अनोळखी दार ठोठावताना त्याच्या पोटात जो गोळा येतो तो तुम्हा चौघांना चांगला माहीत आहे. तो प्रामाणिकपणे लिहा. दार उघडणाऱ्यालाही तेवढीच भीती वाटते, हेही लिहा. त्या एका दाराच्या प्रसंगात तुमच्या चित्रपटाचं स्वतःचं असं काहीतरी आहे, जे मला इतर कुठे दिसलेलं नाही.

आता जून महिना. शक्य असेल तर बदला. जूनमध्ये उत्तर जॉर्जियात सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, नीट काळोख साडेनऊनंतर होतो आणि पहाटे साडेपाचला आकाश पांढुरकं व्हायला लागतं. म्हणजे रात्र आठ तासांची, त्यात जेवणाची सुट्टी. ऑक्टोबरच्या शेवटी तुम्हाला बारा तास काळोख मिळतो. दुसरं म्हणजे किडे. उन्हाळ्यात दिवसभर झाडांवर सिकाडा कर्कश ओरडत असतात आणि काळोख पडला की केटिडिड सुरू होतात. कानाला ती छान पार्श्वभूमी वाटते, पण एकाच प्रसंगातला एक टेक रात्री दहाचा आणि दुसरा पहाटे चारचा असेल, तर किड्यांचा सूर बदललेला असतो आणि प्रत्येक कटला आवाज उडी मारतो. २०२४ च्या मे महिन्यात दर १३ वर्षांनी जमिनीतून वर येणारे सिकाडा जॉर्जियात निघाले, तेव्हा एका चित्रपटाचे दिवसाचे जवळजवळ सगळे संवाद आम्हाला पुन्हा डब करावे लागले. ते किडे आता २०३७ पर्यंत येणार नाहीत. नेहमीचे मात्र दर उन्हाळ्यात असतातच. प्रत्येक सेटअपनंतर सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं करून तिथला नुसता आवाज टिपून घ्या. ते मिनिट देताना दिग्दर्शकाच्या जिवावर येतं, पण एडिटिंगमध्ये त्यावाचून चालत नाही.

ऑक्टोबरमध्ये आणखी एक सोय होते. शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलचा फुटबॉल सामना असला की निम्मं गाव स्टेडियमवर असतं आणि मेन स्ट्रीट रिकामी पडते. दोन-तीन तास तुम्हाला निर्मनुष्य गाव फुकट मिळतं, लांबून येणाऱ्या बँडच्या आवाजासकट. तो आवाज मी जपून ठेवते. 'सगळं गाव तिकडे आहे' हे किंकाळीच्या प्रश्नाचं एक सुरेख उत्तरही आहे. कुडझूच्या वेलींनी गिळलेलं घर दाखवायचं असेल तर मात्र कडक थंडी पडायच्या आत उरका. १९३० च्या दशकात मातीची धूप थांबवायला सरकारने लावायला सांगितलेला हा जपानी वेल अख्खी झाडं आणि पडकी घरं झाकून टाकतो, आणि पहिल्या कडक थंडीत त्याची पानं तपकिरी होऊन गळतात. तुमच्या आर्ट डिपार्टमेंटला एवढं भीषण काही उभारणं परवडणार नाही.

रक्ताच्या टक्केवारीवर येते. माझ्या मते रक्त, मुखवटा आणि मेकअप मिळून ४ हजारांत बसवा. हूपरच्या त्या चित्रपटात मुलीला खाटकाच्या हुकावर टांगतात, तो प्रसंग पुन्हा बघा. हुक पाठीत शिरताना दिसतच नाही. तिचा चेहरा दिसतो, खाली ठेवलेलं पत्र्याचं भांडं दिसतं आणि बाकी सगळं आपण मनात पाहतो. पहिला खून तर लख्ख दिवसा होतो. हातोडा, तडफडणारं शरीर, आणि मग लोखंडी सरकतं दार धाडकन बंद. त्या दाराच्या आवाजानंतरची शांतता हाच खरा घाव आहे. ते पाहून आलेली माणसं शपथेवर सांगतात की खूप रक्त पाहिलं. म्हणून आवाजासाठी, सेटवरचा आणि नंतरचा मिळून, ७ हजार बाजूला काढा. तुमच्या खुन्याचा एक आवाज ठरवा, मग तो बुटाचा असो, किल्ल्यांचा असो की श्वासाचा, आणि खुनी पडद्यावर दिसायच्या आधी नेहमी तो आवाज ऐकवा. रक्तासाठी कॉर्न सिरप आणि खाण्याचा रंग चालतो, पण त्यावर इथल्या लाल डंखी मुंग्या आणि गांधीलमाशा येतात. रक्त लागणाऱ्या प्रत्येक कपड्याचे तीन जोड ठेवा आणि नटाला जमिनीवर झोपवायच्या आधी ती जागा टॉर्चने नीट पाहून घ्या.

१४ माणसांच्या १२ दिवसांच्या जेवणाला ५ हजार धरा आणि त्यात काटकसर करू नका. मध्यरात्रीचं गरम जेवण चुकलं की पहाटे तीनला चुका होतात, आणि कुऱ्हाडी-साखळीकरवतींच्या कामात चूक परवडत नाही. खरी करवत वापरणार असाल तर तिची साखळी काढलेली आहे हे प्रत्येक टेकच्या आधी एकाच ठरलेल्या माणसाने हात लावून तपासावं. विमा घ्याच. बहुतेक गावं परवानगी देताना १० लाख डॉलरच्या लायबिलिटी कव्हरचा, म्हणजे इतरांचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचा कागद मागतात. जॉर्जियाच्या फिल्म टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे चित्रपटाच्या खर्चावर मिळणाऱ्या करसवलतीचा विचार सोडून द्या, त्याला किमान ५ लाख डॉलर खर्च लागतो. आणि तुमच्यापैकी कुणी एच-वन-बी व्हिसावर असेल, तर पैसे घालणं आणि सेटवर उभं राहून दिग्दर्शन करणं या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी ठरू शकतात, पगार घेतला नाही तरी. एक डॉलरही खर्च करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा.

थोडक्यात क्रम सांगायचा तर आधी 'कुणी का येत नाही' याचं उत्तर, मग त्या उत्तराला साजेसं घर, मग त्या घराच्या शेजाऱ्यांशी ओळख, मग महिना, आणि सगळ्यात शेवटी रक्त. शेजाऱ्यांशी ओळख म्हणजे ईमेल नव्हे. रविवारी चर्च सुटल्यावर, दिवसाउजेडी, चौघांनी जाऊन प्रत्येक दारावर स्वतः सांगायचं: अमुक रात्री, अमुक वेळात, मुलगी ओरडेल, मुखवट्याचा माणूस धावेल, हा आमचा फोन नंबर. झाडीमागची घरंसुद्धा. नकाशावर दिसत नसतील तर वाट धरून चालत जा.

हे सगळं सांगून झालं आणि शेरीफच्या ऑफिसमध्ये नोंद झाली, की एका रात्री अकराला कॅमेरा न घेता तिथे जा. तुमच्या नायिकेला त्या घराच्या पायरीवरून एकदाच, पूर्ण ताकदीने ओरडायला सांगा. रेकॉर्डर चालू ठेवा. मग गप्प उभे राहा आणि मोजा: किती कुत्री भुंकली, किती पोर्चवरचे दिवे लागले, किती वेळाने, आणि आधी सांगूनही कोण बाहेर आलं. ते आकडे मला इथेच कळवा. कोण बाहेर आलं, त्याच्याबद्दल जरा जास्त लिहा.